कस्तुरबांनंतर

नाताळच्या सुट्टीत इथे कार्डिफला लेकीबरोबर ‘गांधी’ (1982) पुन्हा पाहिला. ‘‘बाबा, कस्तुरबांचं काम कोणी केलंय?’’ तिने विचारलं. ‘‘रोहिणी हट्टंगडी. माहेरच्या ओक, आपल्या पुण्याच्या,’’ असं सांगताना माझीच छाती उगाच फुगली.

सहाय्यक भूमिका म्हणजे दुय्यम भूमिका, असा आपला एक समज असतो. दक्षिण आफ्रिकेतला तो प्रसंग आठवून पाहा. संडास साफ करायला नकार देणाऱ्या कस्तुरबांना गांधीजी घराबाहेर काढू पाहतात. त्यांचं केवढं चुकतंय, हे आपल्याला कळतं ते कस्तुरबांच्या चेहऱ्यावरून. मग दोघंही निवळतात आणि त्या आपणहून कामाला निघतात. त्यात शरणागती मुळीच दिसत नाही. हा प्रसंग वगळला, तर बेन किंग्जलेंचा महात्मा आपल्याला परका वाटेल.

1983 साली या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा मिळाला. ‘रेड्स’मधल्या अमेरिकन अभिनेत्री मॉरीन स्टेपल्टन यांच्याबरोबर विभागून. रोहिणीताईंचं वय तेव्हा 31. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली शिकलेली ही मुलगी म्हातारपण इतकं खरं वठवते म्हटल्यावर आपल्या चित्रपटवाल्यांनी तिला म्हातारीच करून टाकलं! ‘सारांश’मध्ये (1984) त्या मुलगा गमावलेल्या वृद्ध पार्वती झाल्या, पती झालेले अनुपम खेर त्यांच्याहून जवळजवळ 4 वर्षांनी लहान. ‘अग्निपथ’मध्ये (1990) त्या अमिताभच्या आई, आणि अमिताभ त्यांच्याहून 8 वर्षांनी मोठे. हे गणित माझ्या डॉक्टरेटलाही सुटलेलं नाही. त्याच 1984 सालच्या ‘पार्टी’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण घरोघरी लक्षात राहिली ती आई.

कथेच्या मध्यभागी त्यांना दीर्घकाळ बसवलं ते मराठी टीव्हीने. ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून दशकाहून अधिक काळ चालली, 3000 वर भाग झाले. कार्डिफकरांना यात नवल वाटू नये. ‘पोबोल अ कूम’ ही वेल्श मालिका 1974 पासून चालू आहे. लहान भाषांच्या अशा मालिकांवर कितीतरी नटांची चूल पेटते, आणि त्यांना एकच माणूस वर्षानुवर्षं उलगडायला मिळतो.

2023 च्या ‘बाईपण भारी देवा’त त्या सहा बहिणींपैकी एक होत्या, वयाच्या बहात्तरीत. लेकीला मात्र आधी ‘सारांश’ पाहायचाय.