जांभ्यावरचं एस्प्रेसो

घरगुती एस्प्रेसो यंत्राचं झाकण काढलं की आत फार काही दिसत नाही. पाण्याची टाकी, मुठीएवढा पंप, पितळेचा, ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा छोटा बॉयलर, चार-दोन नळ्या, काही वायरी आणि मूठभर रबरी कड्या. एवढ्या सामानातून 9 बारचा दाब तयार होतो. नव्वद मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा तळाशी जेवढा दाब पडेल, तेवढा हा दाब आहे. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी 1901 मध्ये ज्या यंत्राचं पेटंट मागितलं, त्यात हे काम वाफेच्या जोरावर चाले आणि दाब जेमतेम दीड बारपर्यंत जाई. पुढे आकिले गाज्जिया यांनी वाफेला बाजूला सारून दट्ट्याने गरम पाणी रेटलं, आणि 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 यंत्राने तो भार विजेच्या पंपावर टाकला. आज रत्नागिरीतल्या एखाद्या स्वयंपाकघरात हे यंत्र चालत असेल, तर त्याचं आयुष्य ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी यंत्राच्या बाहेर आहेत. त्या इथल्या विजेत, खडकात आणि हवेत आहेत.

आधी पंप पाहू. घरगुती यंत्रातल्या पंपात फिरणारी मोटर सहसा नसते. तारेचं वेटोळं, त्यात एक लोखंडी दांडा आणि एक स्प्रिंग असते. वीज वेटोळ्यातून गेली की चुंबकत्वाने दांडा ओढला जातो, वीज थांबली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. मध्ये बसवलेला डायोड विजेच्या लाटेचा अर्धाच भाग जाऊ देतो, त्यामुळे प्रत्येक लाटेला एक ठोका पडतो. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला 50 ठोके. पंचवीस सेकंदांत कप भरला, तर दांडा साडेबाराशे वेळा पुढेमागे झालेला असतो!

हे पन्नास ठोके ठरवणारी जनित्रं आपल्या जिल्ह्यातही आहेत. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या पोटातून साडेचारशे मीटरहून खाली सोडलं जातं आणि चिपळूण तालुक्यात पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली चाकं फिरवतं. ग्रिडला जोडलेलं प्रत्येक जनित्र एकाच तालात फिरतं. 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिणेचं जाळं जोडलं गेल्यावर सगळ्या देशाचा ताल एक झाला. पोफळीची अजस्र यंत्रं आणि ओट्यावरचा मुठीएवढा पंप हे खरोखर एकाच ठोक्यावर चालतात. ठोक्यांचा वेग ग्रिडने बांधलेला असतो, त्यामुळे सूर बदलला तर कारण यंत्रातच शोधावं. म्हणूनच पंपाचा आवाज कानात बसवून घ्यावा. सूर खालचा आणि भरीव असेल तर तो पाण्याविरुद्ध झुंजतो आहे. तोच कर्कश झाला तर बहुधा पाण्याऐवजी हवा ओढतो आहे. टाकी रिकामी असेल किंवा नळी सुटली असेल. कोरडा चालवला की तो तापतो आणि जळतो. पावसाळ्यात वीज येते-जाते, तेव्हा यंत्राचा प्लग काढून ठेवणं हीदेखील देखभालच आहे.

आता पाणी, आणि इथे गोष्ट खडकापर्यंत जाते. पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा बायकार्बोनेट तापला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना, गरम धातूवर चिकटतो. साखरमीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, चुन्याचं उलट आहे. पाणी जितकं गरम तितका तो जास्त बाहेर पडतो. म्हणून तो नेमका हीटरवर बसतो. चुन्याच्या थराखाली हीटरची उष्णता अडकते, तो वाजवीपेक्षा जास्त तापतो आणि अखेर जळतो. उपाय सायट्रिक ॲसिडचा. कोमट पाण्यात विरघळवून ते यंत्रातून फिरवलं की चुना फसफसत सुटतो, मग दोन-तीन टाक्या स्वच्छ पाणी सोडायचं.

देशावर बोअरचं पाणी वापरणाऱ्याला हे वरचेवर करावं लागतं. तिथल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. रत्नागिरीच्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, विहिरीचं पाणी मात्र बहुधा मृदू असतं. मूळ खडक दोन्हीकडे तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. फरक पावसाने केला. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. उष्ण, दमट हवामानात लाखो वर्षं ते बेसॉल्टमधून झिरपत राहिलं, त्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन समुद्राकडे गेला, आणि मागे लोह व ॲल्युमिनियम असलेला तांबडा, सच्छिद्र जांभा उरला. आम्लाने कॅल्शियम सोडवून वाहून न्यायचा, हेच आपण बॉयलरमध्ये करतो. कोकणात ते काम आपल्या आधी पावसाने अख्ख्या कातळावर करून ठेवलं आहे.

पण मृदू पाणी म्हणजे निर्धास्त पाणी नव्हे. चुना फार कमी असलेलं, किंचित आम्ल पाणी तांबं-पितळ हळूहळू खातं. कॉफीलाही थोडा कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतो, नाहीतर चव पोकळ लागते. काही यंत्रांत बॉयलरची पातळी पाण्याच्या वीजवाहकतेवरून मोजली जाते, तिथे निव्वळ आरओचं पाणी घातलं तर भरलेला बॉयलरही यंत्राला रिकामा वाटू शकतो.

खरी काळजी खाडीकाठी आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरी खालावल्या की काहींचं पाणी मचूळ होतं. त्यातला क्लोराइड स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक पापुद्रा फोडून बारीक खड्डे पाडतो. चुना ॲसिडने निघतो, हे खड्डे कशानेही भरून येत नाहीत. त्यात दुधासाठी वाफ काढली की पाणी वाफ होऊन जातं, मीठ बॉयलरमध्येच राहतं आणि तिथलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. म्हणून वाफ वापरल्यावर गरम पाण्याच्या नळाने थोडं पाणी काढून टाकावं आणि ताजं भरू द्यावं. पाण्याची टीडीएस मोजून इथे भागत नाही. तो आकडा मीठ आणि चुना यांची बेरीज सांगतो, फोड सांगत नाही. काठिण्य आणि क्लोराइड वेगवेगळे तपासून घ्यावेत, तेही एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात.

उरलं रबर. कॉफीची पूड भरलेला मुठीचा दांडा जिथे अडकवतो तिथली कडी म्हणजे आपल्या कुकरचीच रिंग. रोजच्या उष्णतेने ती कडक होते, दांडा नेहमीच्या जागेपुढे फिरवावा लागतो, मग कडेने पाणी गळू लागतं. जोर लावून आवळण्यापेक्षा कडी बदलावी, काम दहा मिनिटांचं आहे. यंत्रात अन्नासाठी चालणारं, उष्णता सोसणारं रबरच घालावं. कडीमागच्या जाळीवर कॉफीचं तेल साचून खवट होतं, ती आठवड्याला काढून घासावी. खाऱ्या, दमट हवेने वायरींच्या टोकांवर हिरवट थर धरतो, त्यासाठी वर्षातून एकदा, प्लग काढून आणि यंत्र थंड झाल्यावर, झाकण उघडून आत नजर टाकावी.

यंत्रासोबतच्या पुस्तिकेत "दर तीन महिन्यांनी" असं चुना काढण्याचं एक सरसकट वेळापत्रक बहुधा असतं. ते सोलापूरच्या बोअरला उशिराचं ठरेल आणि रत्नागिरीच्या सड्यावर गरजेपेक्षा जास्त. पंप, हीटर, कड्या, वायरी या सगळ्या बदलता येतात, बॉयलरचा धातू तेवढा जपावा लागतो. तो जपायचा तर आपली विहीर कोणत्या खडकात आहे आणि खाडीपासून किती लांब, एवढं आधी जाणून घ्यायला हवं.