प्रवाळांस प्रकाशाची सवय

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोनाराच्या पेढीवरचा तांबडा मणी उभा राहतो. नवरत्नांत त्याची गणना होत असल्यामुळे तो एक प्रकारचा दगडच असावा, अशी पुष्कळांची समजूत असते. कोणी त्याला समुद्रातील झाड मानतात. वस्तुतः प्रवाळ हा दगडही नव्हे आणि झाडही नव्हे, तो प्राणी आहे. दागिन्यातले पोवळे खोल व अंधुक पाण्यात वाढते आणि त्याला उन्हाची गरज नसते. आमचा आजचा विषय त्याहून निराळा आहे. उथळ व उबदार समुद्रात उन्हावर जगणारे आणि अलीकडे काचेच्या टाकीतही पाळले जाणारे जे प्रवाळ, त्यांना मंद प्रकाशातून प्रखर प्रकाशात कसे न्यावे, हे येथे सांगावयाचे आहे.

सूर्या नदीच्या काठी वसलेल्या मासवणात हा प्रश्न कशाला, असे कोणी विचारील. पण सातपाटी आणि तारापूरचा किनारा आपल्यापासून दूर नाही. शिवाय सावलीत वाढलेले रोप एकदम उन्हात काढले तर त्याची पाने करपतात, हे येथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. केळवे-माहीमच्या बाजूला पानवेलीवर सावली धरतात ती याच अनुभवातून. प्रवाळाचा प्रश्न मुळात तोच आहे. फक्त येथे पाने प्राण्याच्या पोटात आहेत.

हे विधान थोडे उलगडून सांगितले पाहिजे. प्रवाळाचा एकेक जीव लहानशा पिशवीसारखा असतो. वर तोंड, तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे आणि खाली त्याने स्वतःच घडविलेली चुन्याची वाटी, अशी त्याची रचना. असे हजारो जीव एकमेकांस चिकटून एक वसाहत होते. या जीवांच्या पेशींच्या आत डोळ्यांना न दिसणारी तपकिरी शैवले राहतात. एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. प्रवाळ त्यांना निवारा देतो, कर्बवायू आणि नत्रयुक्त मलद्रव्ये देतो. शैवले उन्हाच्या बळावर साखर तयार करून तिचा मोठा वाटा घरमालकाला देतात. अनुकूल परिस्थितीत प्रवाळाच्या उर्जेपैकी शेकडा 90 पर्यंत हिस्सा या भाडेकरूंकडून येतो. 1928-29 साली सर मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली एक शास्त्रीय मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेली होती. तेथे प्रवाळ अंधारात कोंडून पाहिले, तेव्हा त्यांच्यातील शैवले नाहीशी झाली. प्रवाळ पांढरे पडले, तरी खाद्य मिळत असता काही काळ जिवंत राहिले. पांढरा पडलेला प्रवाळ तत्क्षणी मेलेला नसतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

मग प्रकाश जितका अधिक तितके अन्न अधिक, असे का म्हणू नये? कारण शैवलाची प्रकाश पचविण्याची शक्ती ठराविक असते. त्यापलीकडे येणारा प्रकाश साखर बनविण्याच्या कामी लागत नाही. तो पेशीतील यंत्रणेचीच मोडतोड करतो आणि त्यातून प्राणवायूची अत्यंत दाहक रूपे निर्माण होतात. ही रूपे शैवलाला जाळतात आणि यजमानालाही पोळतात. तेव्हा प्रवाळ भाडेकरूंना घराबाहेर काढतो. त्यांच्याबरोबर रंगही जातो आणि पातळ कातडीतून खालचा पांढरा चुना दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात.

मात्र निसर्गाने प्रवाळाला बचावाची साधने दिली आहेत. प्रखर प्रकाश हळूहळू वाढत गेला तर शैवले आपल्यातील हरितद्रव्य कमी करतात, त्यांची संख्याही बेताची होते, आणि प्रवाळ स्वतः रंगीत प्रथिने तयार करून जणू छत्री धरतो. टाकीतले तपकिरी प्रवाळ चांगल्या प्रकाशात हिरवे, निळे किंवा जांभळे दिसू लागतात, ते बहुतांशी या प्रथिनांमुळे. पण छत्री विणावयास वेळ लागतो. ऊन पडल्यावर काही मिनिटांत होणारे किरकोळ बदल आहेतच. खऱ्या जुळवणीला मात्र दोन ते चार आठवडे, कित्येकदा त्याहून अधिक काळ लागतो. प्रवाळाला मारतो तो बहुधा प्रकाश नव्हे, घाई मारते. आमच्या सगळ्या विवेचनाचे सार एवढेच आहे.

ही घाई बहुधा नकळत होते. जुन्या नळीदिव्यांच्या जागी नवे एलईडी दिवे बसविले जातात; ते डोळ्यांना तितकेच दिसतात, पण प्रवाळाला कितीतरी पट अधिक प्रकाश पोचवितात. दुसरे कारण अधिक फसवे आहे. टाकीतील पाणी हळूहळू पिवळसर होत जाते. त्यात एके दिवशी ताजा सक्रिय कोळसा घातला की ते स्वच्छ होते. दिव्याला हातही न लावता तळाचा प्रकाश एकदम वाढतो आणि मालक मात्र रोगाचा शोध घेत बसतो.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. आपली बाहुली लहानमोठी होऊन प्रकाशातील फरक लपविते. वनस्पतींना उपयोगी पडणारा प्रकाश मोजण्याचे उपकरण मिळते, त्याला पार मीटर म्हणतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठावर हा आकडा 2000 च्या आसपास असतो. टाकीत मऊ प्रवाळांना साधारणतः 50 ते 100 पुरतो, तर फांद्यांच्या कठीण प्रवाळांना 200 ते 350 लागतो. उपकरण विकत घेणे न परवडल्यास दोनचार छांदिष्टांनी मिळून एक घ्यावे. नवा दिवा लावण्यापूर्वी जुन्या दिव्याखाली प्रवाळाच्या जागी किती आकडा येतो तो टिपून ठेवावा आणि नवा दिवा त्याच आकड्यावर सुरू करावा.

तेथून पुढे जाण्याचे मार्ग तीन आहेत. दिव्याची तीव्रता कमीजास्त करता येत असेल तर ती आठवड्यातून एकदा शेकडा पाच ते दहा एवढीच वाढवावी. तशी सोय नसेल तर दिवा उंच टांगावा, किंवा दिवा व पाणी यांच्यामध्ये खिडकीला लावतात तशा बारीक जाळीचे तीनचार पदर धरावेत आणि दर आठवड्याला एकेक पदर काढावा. तिसरा मार्ग प्रवाळच हलविण्याचा. प्रथम तो तळाशी ठेवावा आणि थोडा थोडा वर आणावा. टाकीतील बाकीच्या प्रवाळांना नव्या प्रकाशाची सवय असून एकच नवा आलेला असेल, तेव्हा हाच मार्ग बरा. प्रकाशाचे तास वाढविणे आणि त्याची तीव्रता वाढविणे ही दोन कामे एकाच आठवड्यात करू नयेत. पाण्याची उष्णता 25-26 अंशांच्या आसपास स्थिर ठेवावी, कारण तापलेल्या पाण्यात प्रवाळाची प्रकाश सोसण्याची शक्ती घटते.

या काळात प्रवाळ आपल्याशी बोलत असतो. स्पर्शक दिवसभर मिटलेले राहिले, मांस आकसले, वरच्या बाजूचा रंग फिका होऊन सावलीतला भाग मात्र गडद राहिला, तर प्रकाश अधिक झाला असे समजावे. अशा वेळी एक पायरी खाली उतरावे आणि दोन आठवडे तेथेच थांबावे. पूर्ण पांढरा पडला तरी फेकून देऊ नये. वर सांगितल्याप्रमाणे तो अजून जिवंत असू शकतो. मंद प्रकाश, स्थिर पाणी आणि बारीक प्राणिज खाद्य मिळाले तर शैवले पुन्हा वस्तीला येतात. उलट प्रवाळ अधिकाधिक तपकिरी होत चालला तर त्याला प्रकाश कमी पडत असण्याचा संभव आहे.

टाकीत दिवा मंद करता येतो. समुद्रात ते कोण करणार? लक्षद्वीपचे प्रवाळ 1998, 2010, 2016 आणि 2024 या वर्षी मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. तेथे सूर्य नवा नव्हता. पाणी तापले, आणि नेहमीचेच ऊन त्यांना असह्य झाले. आपल्या मुंबईच्या गढूळ पाण्यातही प्रवाळ आहेत. 2020 साली किनारी रस्त्याच्या कामात सापडणाऱ्या वरळी व हाजी अली येथील काही वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. अशा स्थलांतरातही प्रश्न तोच असतो. नव्या जागेची खोली, गढूळपणा आणि ओहोटीच्या वेळी पडणारे ऊन जुन्या जागेशी जुळावे लागते. नाहीतर जागा वाचली पण जीव गेला, असे व्हावयाचे.

मुंबईचे मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुले झाले. त्याला ज्या तारापोरवाला घराण्याचे नाव मिळाले, ते आडनावच आपल्या तारापूरची आठवण देते. तेव्हापासून काचेमागचा समुद्र पाहून कित्येक मुलांना घरी टाकी ठेवण्याची हौस लागली असेल. त्या हौसेला एक मर्यादा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 सालापासून सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे. मालवणच्या किंवा मुंबईच्या खडकावरून लहानसा तुकडाही काढून आणणे हा गुन्हा होय. विकत मिळणारा प्रवाळही तो कोठून आला आणि तो बाळगण्यास कायद्याची मुभा आहे काय, याची वनखात्याकडे खात्री केल्यावाचून घरी आणू नये.

ज्यांच्या हाती असा जीव रीतसर आला आहे, त्यांनी दिव्याची कळ फिरविण्यापूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहावे. पुढच्या पायरीला आठवडा झाला नसेल, तर हात मागे घ्यावा.