समुद्राची वीज (लेखांक 6) : भिंत एक, कामे दोन

लाटेत ऊर्जा कशी साठते, हे मागच्या आठवड्यात पाहिले. ती काढून घेणारे यंत्र भर समुद्रात नांगरायचे, तर नांगर, केबल आणि दुरुस्ती यांतच पैसा जिरतो. बंदरासाठी ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारी भिंत, बांधायचेच असेल आणि यंत्र त्यातच बसवले, तर पायाचा मोठा खर्च वाचतो.

भारतात हा प्रयोग झालेला आहे. केरळमधील विझिंजमच्या मच्छीमार बंदरात मद्रास आयआयटीच्या अभियंत्यांनी 1991 मध्ये ब्रेकवॉटरपुढे 150 किलोवॉटचे केंद्र उभारले. केसॉन, म्हणजे काँक्रीटचा प्रचंड पोकळ डबा, समुद्रतळावर बसवला. त्याची समुद्राकडची बाजू पाण्याखाली उघडी. लाट शिरली की आतले पाणी चढते आणि वरची हवा टर्बाइनमधून बाहेर फेकली जाते. पाणी उतरले की हवा परत आत ओढली जाते. लोहाराच्या भात्यासारखीच ही क्रिया. हवेची दिशा उलटली, तरी वेल्स टर्बाइन एकाच दिशेने फिरत राहते.

भिवंडीच्या हिशेबात सांगायचे, तर साध्या यंत्रमागाला एक अश्वशक्तीची मोटर धरल्यास 150 किलोवॉटवर 200 माग चालतील. पण केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तरच. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते. 1 मीटर उंचीची, 6 सेकंदांची लाट दर मीटर रुंदीला सुमारे 3 किलोवॉट देते. पावसाळ्यातली 3 मीटरची, 9 सेकंदांची लाट 40. टर्बाइन पावसाळ्याच्या मापाचे घेतले, तर बाकीचे महिने ते अर्धपोटी फिरते. लहान घेतले, तर पावसाळ्यातली ऊर्जा वाया जाते. म्हणून हवेचे कप्पे अनेक आणि टर्बाइन लहान ठेवणे बरे. स्पेनमधील म्युत्रिकू बंदरात 2011 पासून ब्रेकवॉटरच्या 16 कप्प्यांवर 16 टर्बाइन आहेत. एकूण क्षमता 296 किलोवॉट.

दुसरा पेच भिंतीचाच. दगड आणि टेट्रापॉड (काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे) रचलेले ब्रेकवॉटर लाट फोडून तिची ताकद फटींत जिरवते. त्यात कप्पा बसवणे अवघड. उभ्या केसॉनच्या भिंतीत तो सहज बसतो आणि परतणारी लाटही सौम्य करतो. मात्र पोकळ भिंतीने वादळातला तडाखा सोसला पाहिजे; हवा बाहेर सोडणारी झडप टर्बाइन वाचवते, भिंत नव्हे.

म्हणूनच भिंतीत कप्पे ठेवण्याचा निर्णय नकाशाच्या टेबलावरच व्हायला हवा. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध तीव्र आहे आणि त्यांचे प्रश्न आधी सुटले पाहिजेत. पण आराखड्यातले सुमारे 10 किलोमीटरचे ब्रेकवॉटर होणारच असेल, तर त्याचा एक छोटा तुकडा तरी वीज देणारा असावा. प्रतिकृती तपासायला पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहेच. भिंत उभी राहिल्यावर तिच्यात कप्पे कोरता येत नाहीत.

(पुढील लेखांकात : भिवंडीच्या दारातल्या खाडीत लाटा नाहीत, भरती-ओहोटी आहे, तिचे काय?)