कोरड्या सालाचा भार : नीरेच्या खोऱ्यातील माणूस, भाषा आणि महसूल

मानवाचा आफ्रिकेतून झालेला प्रसार आणि शेतीचा उदय यांचा आढावा या लेखमालेच्या आधीच्या लेखांकांत घेतला आहे. हे मोठे प्रवाह एखाद्या लहान प्रदेशात कसे उतरतात, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखांकात बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील नीरेचे खोरे निवडले आहे. भोरच्या सह्याद्रीत उगम पावणारी नीरा पूर्वेकडे वाहत जाते, निरवांगीसारख्या गावांच्या शिवाराला दक्षिणेकडून लागून पुढे सरकते आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. उगमाकडच्या घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर निरवांगीच्या परिसरात तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. नदीकाठची काळी जमीन खोल आहे, पण चार पावले वर चढले की मुरमाड माळ लागतो. येथील सारा इतिहास या एका विषमतेभोवती फिरतो. पाऊस न झालेल्या वर्षाचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न प्रत्येक काळातील समाजाने आपापल्या रीतीने सोडवला किंवा दुसऱ्यावर ढकलला.

या प्रदेशातील माणसाचे अस्तित्व फार जुने आहे. पुणे जिल्ह्यातच जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला असून त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली आहेत. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातील आहे की त्याहून पुष्कळ जुनी आहे, यावर संशोधकांत दीर्घ वाद झाला. हत्यारे करणारी ती माणसे आजच्या रहिवाशांची थेट पूर्वज होती असे मानण्यास मात्र आधार नाही, कारण मधल्या काळात माणसांच्या अनेक लाटा येथे आल्या, मिसळल्या आणि काही नाहीशाही झाल्या.

वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यांचा पुरावा ताम्रपाषाणयुगापासून, म्हणजे दगडाच्या हत्यारांबरोबर तांब्याचा मर्यादित वापर सुरू झालेल्या काळापासून, स्पष्ट होतो. बारामती तालुक्यात कऱ्हा आणि नीरा यांच्या संगमावरील सोनगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले, तेव्हा जोर्वे संस्कृतीची वसाहत उजेडात आली. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून हे नाव पडले असून, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात नक्षी काढलेली, टणटणीत भाजलेली भांडी ही या संस्कृतीची ओळख मानली जाते. या संस्कृतीचे सर्वांत तपशीलवार चित्र शिरूर तालुक्यातील इनामगावात मिळते. १९६८ पासून बारा-पंधरा वर्षे चाललेल्या तेथील उत्खननाशी ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची नावे निगडित आहेत.

इनामगावची माणसे सातू, मसूर, कुळीथ, वाटाणा अशी कोरडवाहू प्रदेशाला साजेशी पिके घेत. घोड नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाट खणला होता आणि बांधही घातला होता. गावात पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार आढळले. हे घर गावप्रमुखाचे असावे आणि गावकऱ्यांकडून घेतलेले धान्य त्या कोठारात साठवले जात असावे, असा उत्खनकांचा तर्क आहे. मृत बालकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवून त्यांत पुरत आणि हे दफन राहत्या घराच्या जमिनीखालीच होत असे. प्रौढांना उताणे निजवून पुरताना घोट्याखालील पाय तोडून टाकत. एका पुरुषाला मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत, पाय न तोडता पुरले होते. गावात उच्चनीच भाव रुजला होता याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही. तरीही धान्य गावातच साठत होते आणि कोठार भरणाऱ्याचे व ते उघडणाऱ्याचे घर एकाच पांढरीवर होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल.

इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास हे चित्र पालटले. चौकोनी, ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली आणि शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर भिस्त वाढली. पुढे इसवी सनपूर्व ७००च्या सुमारास वस्तीच उठली. पाऊसमान घटल्यामुळे शेतकरी अर्धभटके पशुपालक झाले, असे स्पष्टीकरण ढवळीकरांनी मांडले. बालकांच्या अस्थींचा नंतर अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी केवळ हवामानावर सारा भार टाकणाऱ्या या मांडणीला आक्षेप घेतला. कारण कोणतेही धरले तरी एवढे निश्चित दिसते की स्थिर शेती आणि फिरती पशुपालनवृत्ती या मानवी प्रगतीच्या खालच्या-वरच्या दोन पायऱ्या नव्हत्या. या खोऱ्यात त्या एकाच घराच्या दोन दारांसारख्या होत्या आणि माणसे वेळ पाहून एकातून आत जात व दुसऱ्यातून बाहेर पडत.

ही दुहेरी रीत येथील संस्कृतीतही दिसते. जेजुरी कऱ्हेच्याच खोऱ्यात आहे. तेथील खंडोबाला दोन बायका आहेत : म्हाळसा ही स्थिर व्यापारी समाजातील, लिंगायत वाण्याची लेक, तर बाणाई ही धनगराची. गडाच्या माथ्यावर म्हाळसेचा मान आणि अर्ध्या वाटेवर बाणाईचे ठाणे, अशी जेजुरीची मांडणी आहे. जर्मन अभ्यासक ग्युंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथा आणि धनगरांच्या ओव्या वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित करून असे दाखवले की, अशा दैवतांच्या विवाहकथांतून शेतकरी, व्यापारी आणि पशुपालक या भिन्न समाजांनी परस्परांशी नाते जोडले. व्यवहारातही ते नाते पक्के होते. दसरा-दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरे घेऊन एकत्र फिरणारे कुटुंबसमूह, कोकणाकडे उतरत आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवत. लेंडीखताच्या बदल्यात त्यांना धान्य मिळे. निरवांगीच्या पंचक्रोशीत धनगर समाजाची वस्ती मोठी असल्याने ही देवाणघेवाण येथे आजही अपरिचित नाही.

भाषेच्या इतिहासातही हाच मिलाफ आढळतो. मराठी महाराष्ट्री प्राकृतातून अपभ्रंशाच्या वाटेने आलेली आर्यकुलातील भाषा असली, तरी ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' हा भेद तिला द्राविड भाषांच्या शेजाराने लाभला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. अण्णा, अक्का ही नाती तर कन्नडशी थेट सामाईक आहेत. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. भारतीय लोकसंख्येत प्राचीन शिकारी-संग्राहक, इराणी पठाराशी दूरचे नाते असलेले समूह आणि इसवी सनपूर्व २०००नंतर आलेले गवताळ प्रदेशातील पशुपालक यांचे मिश्रण झाल्याचे प्राचीन जनुकांच्या अभ्यासातून दिसते; परंतु जोर्वे काळातील माणसे कोणती भाषा बोलत, हे हाडांवरून वा भांड्यांवरून सांगता येत नाही, आणि जे तसे छातीठोकपणे सांगतात त्यांच्याकडे बहुधा पुराव्यापेक्षा अभिमान अधिक असतो.

आधुनिक इतिहासातील उलथापालथ म्हटले की युद्धे, क्रांत्या, फाळणी डोळ्यांसमोर येतात. इंदापूर तालुक्यात ती जमिनीच्या मोजणीतून आली. मराठेशाहीत महसूल साधारणपणे गावावर ठरे आणि पाटील त्याची घासाघीस करी. पड जमीन लागवडीला आणणाऱ्यास कौल देऊन सारा टप्प्याटप्प्याने वाढवला जाई आणि पीक बुडाले तर सूट वा तहकुबी मागता येई. वतनासारखा जमिनीचा वंशपरंपरागत हक्क असणारा मिरासदार गावाला धरून राही, तर उपरी कुळाला जाच झाला की ते दुसरे गाव गाठी. या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही, कारण दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते लिलावाने दिले गेले तेव्हा रयत चांगलीच भरडली गेली. तरी वाईट सालाचा काही भाग गाव आणि काही भाग सरकार सोसत असे.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७ ते १८३० या काळात नवी पाहणी केली. प्रिंगल हा इंग्लंडमधील हेलिबरी कॉलेजात माल्थसचा विद्यार्थी होता. लागवडीचा खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न प्रत्येक जमिनीसाठी काढायचे आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, हे त्याचे सूत्र त्या काळच्या अर्थशास्त्रातील खंडाच्या सिद्धान्तावर उभे होते. कागदावर ते निर्दोष होते. प्रत्यक्षात आकडे गोळा करणाऱ्या कारकुनांच्या नोंदी चुकीच्या निघाल्या, दर न झेपणारे ठरले आणि इंदापुरात शेतकऱ्यांनी जमिनी टाकून गावे सोडली. लंडनजवळच्या वर्गात शिकवलेल्या सिद्धान्तापायी नीरेकाठची राने पड पडावीत, हा जागतिकीकरणाचा फार आरंभीचा आणि बोधक नमुना म्हणावा लागेल.

ही मोडतोड सावरण्यासाठी १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच फेरपाहणी सुरू केली आणि १८३६ पासून तीस वर्षांसाठी नवे, हलके दर लागू झाले. पुढे मुंबई इलाखाभर पसरलेल्या रयतवारी मोजणीपद्धतीचा उगम हा असा इंदापुरात आहे. ३३ फुटांच्या साखळीने जमीन मोजली जाई. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर, हे कोष्टक आजच्या सातबाऱ्यातही तसेच आहे. मातीची खोली, पोत आणि दोष पाहून तिची प्रत आण्यांत ठरवली जाई. गाव किंवा कुटुंब बाजूला सारून सर्व्हे नंबर हे आकारणीचे एकक ठरले आणि त्या नंबराचा सारा चांगल्या-वाईट सालांची सरासरी धरून, रोख रकमेत कायम झाला.

दर हलके असल्याने सुरुवातीला पड जमीन झपाट्याने लागवडीखाली आली. पण सरासरीवर आधारलेल्या साऱ्यात एक मेख होती. सरासरी साल हे गणितात असते, इंदापुरात ते क्वचितच उगवते. सुगीच्या वर्षी सारा जड वाटत नसे, कोरड्या वर्षी मात्र तो भरायला सावकाराकडे जावे लागे. त्यातच जमिनीचा कब्जा आता विकता आणि गहाण टाकता येत असल्याने सावकारालाही कर्ज देण्यास भरभक्कम तारण मिळाले. दिवाणी न्यायालय कर्जखतावरचा अंगठा पाही आणि त्यामागची परिस्थिती त्याच्या कक्षेत येत नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचा दावा तीन वर्षांत लावणे भाग पडल्यावर सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागले. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेला नियम त्याच्याच गळ्याला फास झाला.

याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरचा कापूस आटला आणि १८६१ ते १८६५ या काळात दख्खनमध्ये भाव आणि पत दोन्ही फुगले. रेल्वे भीमेकाठी दिक्सळपर्यंत येऊन पुढे सोलापूरला पोचली होती. युद्ध संपताच भाव कोसळले आणि नेमकी तेव्हाच इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपल्याने तेजीच्या काळातील भाव पाहून नवे, चढे दर आकारण्यात आले. १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे येथे, बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांची दुकाने आणि घरे फोडली. त्यांचा मुख्य रोख पैशापेक्षा कागदांवर होता. खते बाहेर काढून जाळण्यात आली. लोण आसपासच्या तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यात पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पण त्याआधीच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता.

दुष्काळाला उत्तर म्हणून भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा यांना गती मिळाली. १८८५ मध्ये कालव्याला पाणी सुटले आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या क्रमाने ते खाली उतरले. ज्वारीला पाऊस हुकला तरच पाणी लागे, त्यामुळे बरी साले आली की कालव्याचे पाणी पडून राही. ऊस मात्र बारमाही पाणी मागणारा आणि पट्टी भरणारा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राला दीर्घ मुदतीची पाण्याची हमी देऊन त्यातील साधारण तृतीयांशावर ऊस आणि उरलेल्यात पालटून इतर पिके, अशी ती योजना होती. अतिपाण्याने जमिनी चोपण होऊ लागल्याची तक्रारही तितकीच जुनी आहे. हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. १९३०च्या दशकात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर उभे राहिले. शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या अशा कारखान्यांच्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या आणि मूळ खंडकऱ्यांना त्या परत मिळण्याचा लढा पुढे अर्धे शतक चालला.

कालव्याने कोरड्या सालाचा भार नाहीसा केला, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. पाण्याखालच्या शेतकऱ्यावरून तो उतरला, पण कालव्याच्या शेपटाकडच्या शिवारांवर आणि माळरानाच्या गावांवर राहिलाच. त्याहून मोठा वाटा आणखी दूर गेला. दर हंगामाला मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या या पट्ट्यात येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने काढतात. ज्या खोऱ्यातील माणसे एके काळी पाऊस हुकला की बिऱ्हाड उचलत, तेथे आता दुसऱ्याच खोऱ्यातील माणसे पाऊस हुकल्यामुळे येतात, आणि १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात जळालेल्या खतांची जागा मुकादमाच्या वहीने घेतली आहे. या उचलीच्या पद्धतीचा उगम आणि तिच्याविरुद्ध झालेले संप यांचा विचार पुढील लेखांकात करावयाचा आहे.