पोटावर मार, पोटभर हसू

‘कुंग फू पांडा’मध्ये गुरू-शिष्यात एका डम्पलिंगवरून जुंपते. पो हा खादाड, ढेरपोट्या पांडा. शिफू हा चणीनं लहान आणि रागानं मोठा असलेला गुरू. डोंगरावर ऊर फुटेस्तोवर मेहनत करून घेतल्यावर शिफू वाडगा पुढे सरकवतो आणि खायची मोकळीक देतो. पोनं पहिलं डम्पलिंग उचललं, की तोंडाशी जाईपर्यंत ते गायब! मग चॉपस्टिक्सला चॉपस्टिक्स भिडतात, वाडगे पालथे पडतात, डम्पलिंग हवेत उडतं. शेवटी एकच उरतं आणि त्यासाठी दोघं अक्षरशः जिवावर उदार होतात. पो ते पटकावतो, भूक नाही म्हणतो आणि गुरूकडे परत टाकतो. हा पांडा आता कुंग फू शिकला, हे सांगायला एकाही भाषणाची गरज पडत नाही.

हे दृश्य टीव्हीचा आवाज बंद करून पाहावं. तरीही हसू येतं, कारण विनोद संवादात नाहीच. तो मनगटात आहे, पोटाच्या घेरात आहे आणि मुख्य म्हणजे वेळेत आहे. कुंग फू विनोदपटांची खरी मजा इथेच दडलेली असते आणि नेमकी तीच आपण बरेचदा ‘मुलांचा सिनेमा’ म्हणून सोडून देतो.

मार्क ऑस्बर्न आणि जॉन स्टीव्हन्सन यांनी दिग्दर्शित केलेला हा हॉलिवूडपट २००८चा. काळ प्राचीन चीनचा. नेमका कुठल्या घराण्याचा, ते विचारू नये. डोंगर गुइलिनकडच्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे, नायक मात्र सिचुआनच्या बांबूच्या रानात शोभणारा. पण यातल्या पाच वीरांच्या बाबतीत सिनेमानं चोख काम केलंय. वाघीण, माकड, क्रौंच, नागीण आणि मँटिस हा इवलासा कीटक, या पाचही प्राण्यांच्या नावानं कुंग फूच्या खऱ्या शैली आहेत. माणसं शतकानुशतकं वाघाचा पंजा आणि क्रौंचाची चोच यांची नक्कल करत आली. इथे खुद्द प्राणीच ती नक्कल करतात. आणि या घरंदाज मंडळींत येऊन पडतो पांडा, ज्याच्या नावाची शैलीच परंपरेत नाही.

कुंग फूतून हसवायची ही गंमत हॉलिवूडला सुचली खरी, पण तिचं घराणं हाँगकाँगचं आहे. २० जुलै १९७३ला ब्रूस ली गेला आणि तिथल्या निर्मात्यांना दुसरा ब्रूस ली शोधायची घाई झाली. त्या शोधात जॅकी चॅनही सापडला. १९७६च्या ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’त त्याला तसाच संतापलेला, सूडानं पेटलेला नायक करून उभं केलं. चित्रपट पडला. पडणारच होता, त्या गोल चेहऱ्यावर सूड बसेचना. मग १९७८मध्ये युएन वू-पिंग या दिग्दर्शकानं त्याला घेऊन ‘ड्रंकन मास्टर’ काढला आणि सगळा मामलाच उलटा केला. ब्रूस ली मार देत असे. जॅकी चॅन आधी यथेच्छ मार खातो, कळवळतो, पळतो आणि मग कसाबसा जिंकतो.

‘ड्रंकन मास्टर’चा निम्मा विनोद आपल्याला दिसतच नाही, कारण नायक कोण हे आपल्याला ठाऊक नसतं. तो आहे वाँग फेई-हुंग. १९व्या शतकात दक्षिण चीनमधल्या फोशानजवळ जन्मलेला हा खराखुरा माणूस, कुंग फूचा उस्ताद आणि हाडवैद्य. १९४९पासून क्वान तक-हिंग या नटानं त्याची भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली आणि प्रत्येकात तो धीरगंभीर, सदाचारी, उपदेश करणारा गुरुजी. हाँगकाँगच्या दोन पिढ्या या साधुपुरुषाला बघत वाढल्या. त्यालाच युएननं वाह्यात कार्टं करून टाकलं. हे पोरगं हॉटेलात फुकट हादडतं, बापाच्या नाकी नऊ आणतं. (त्याचे केसही थेट सत्तरच्या दशकातले. मांचू राजवटीतल्या सक्तीच्या शेंडीचा पत्ता नाही आणि कुणाला त्याचं सुतकही नाही.)

त्याला वठणीवर आणायला येतो सो नावाचा दारुडा भिकारी. ही भूमिका युएन सिउ-तिएन यांची. ते दिग्दर्शकाचे वडील, साठी उलटलेले आणि मुळात पेकिंग ऑपेराच्या रंगभूमीवरचे कलावंत. सो शिष्याला उलटं टांगतो आणि खालचं पाणी चहाच्या कपा-कपानं वरच्या भांड्यात भरायला लावतो. मग शिकवतो ती दारुड्याची शैली: आठ चिनी सिद्धांच्या आठ चाली, प्रत्येक झिंगलेली, हातात अदृश्य प्याला धरल्यासारखी बोटं. आठांतली एक स्त्री आहे. तिची चाल बायकी म्हणून हा पठ्ठ्या शिकायची टाळतो. शेवटच्या झुंजीत सात संपतात, शत्रू समोर उभाच आणि आता फक्त तीच उरते. मग तो जागच्या जागी रचत जातो: मुरडणं, लाजणं, नटणं आणि त्यातूनच ठोसे. त्या दोन-तीन मिनिटांत नक्कल कुठे संपते आणि मारामारी कुठे सुरू होते, हे दाखवून द्यावं कुणी!

हे येतं कुठून? पेकिंग ऑपेरातून. जॅकी चॅन सात वर्षांचा असताना हाँगकाँगमध्ये यू जिम-युएन यांच्या शाळेत दाखल झाला आणि दहाएक वर्षं तिथेच घडला. कोलांट्या, शस्त्रं, गाणं, अभिनय आणि छडी असा तो अभ्यासक्रम. या रंगभूमीवर विदूषकाचा एक खास प्रकार आहे, ‘वू चौ’, म्हणजे लढवय्या विदूषक. नाकाभोवती पांढरा रंग फासलेला हा नट हसवतोही आणि तलवारही चालवतो. आपल्या तमाशातला सोंगाड्या शब्दांनी फड मारतो. वू चौचं सगळं काम अंगानं.

‘सान चा कोऊ’ हा प्रयोग यासाठी मुद्दाम बघावा. प्रसंग सरायखान्यातला, मध्यरात्रीचा. एका पाहुण्याच्या खोलीत सरायवाला शिरतो. हा सरायवाला म्हणजेच वू चौ. मंच लख्ख उजळलेला, पण दोघं वागतात ते मिट्ट काळोखात असल्यासारखं. मध्ये एकच टेबल. एक चाचपडत वर चढतो, दुसरा खालून सरपटतो. पातं नाकाला चाटून जातं, दोघं थबकतात, कानोसा घेतात, पुन्हा सपासप वार. आपल्याला सगळं दिसतं, त्यांना काहीच नाही. क्षणभर स्तब्धता, मग हातघाई, पुन्हा स्तब्धता, असा त्याचा ताल. ‘ड्रंकन मास्टर’च्या मारामाऱ्या याच तालावर चालतात आणि डम्पलिंगची झटापटही. त्या थबकण्यातच हशा येतो. हल्ली सेकंदाला तीन शॉट तोडणारे ॲक्शनपट याला मुकतात. नट पूर्ण अंगानं दिसलाच नाही, तर तो थबकला हे कळणार कसं?

पोच्या ढेरीलाही पूर्वज आहे. जॅकी चॅनचा त्याच शाळेतला थोरला गुरुबंधू सामो हुंग अंगानं चांगलाच जाडजूड आणि चपळाईत भल्याभल्यांना भारी. त्यानं १९७८मध्येच ‘एंटर द फॅट ड्रॅगन’ हे ब्रूस लीचं विडंबन दिग्दर्शित केलं आणि नायकही स्वतःच झाला. पोचं पोट शत्रूला उडवून लावतं, नसांवर बोटं रोवली तर त्याला नुसत्या गुदगुल्या होतात. वजन आडवं येण्याऐवजी शस्त्र होतं.

‘कुंग फू पांडा’ चीनमध्ये तुफान चालल्यावर तिथे खंतावलेली चर्चा झाली. पांडा आपला, कुंग फू आपलं, मग हा सिनेमा आपण का नाही केला? असं विचारणाऱ्यांत चक्क चीनच्या राष्ट्रीय पेकिंग ऑपेरा कंपनीचे प्रमुख वू जियांग होते. त्यांच्याच रंगभूमीचं देणं हाँगकाँगमार्गे कॅलिफोर्नियाला पोचलं होतं. तिथल्या लोकांनी उधारी मान्यही केली: माकडाच्या आवाजासाठी जॅकी चॅनला बोलावलं. वाक्यं मात्र इतकी मोजकी दिली, की पहिल्यांदा पाहताना तो या सिनेमात आहे हे श्रेयनामावली वाचल्यावरच कळतं.