किल्लारीच्या भूकंपात जाडजूड भिंती का कोसळल्या?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. घरांच्या भिंती तर दोन-तीन फूट जाड, दगडी होत्या. मग त्या टिकल्या का नाहीत?

कारण ती एकसंध भिंत नव्हतीच. आत-बाहेर दगडांचे दोन थर आणि मधे माती-खडीचा भराव. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुतेक घरांत नव्हते. भिंत उभं ओझं सहज पेलते. भूकंप मात्र तिला आडवा हिसका देतो. मातीची पकड सुटली, थर फुगून वेगळे झाले आणि दगड घरात कोसळले. वरून धाब्याची माती. गळती थांबवायला वर्षानुवर्षं नवे थर चढवलेली, म्हणून आणखी जड. वजन जेवढं जास्त, तेवढा हिसक्याचा जोर जास्त.

म्हणजे जाडीपेक्षा बांधणी महत्त्वाची. आरपार दगड, दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा आणि हलकं छत, एवढ्यानंही धोका खूप कमी होतो.

तुमच्या गावच्या जुन्या घराची भिंत फुगलेली दिसतेय? नुसता गिलावा करून ती झाकू नका, इंजिनिअरला दाखवा.