दस्तरखानावरचे चायनीज

अंजूर फाट्यावरून घरी येताना चायनीजच्या गाड्या दिसल्या की मुले हमखास हट्ट धरतात. 'कोंबडी हलाल आहे ना?' एवढे विचारून आपण निर्धास्त होतो. पण प्रश्न तिथे संपत नाही. चिनी स्वयंपाकात तांदळाची दारू आणि डुकराची चरबी पुष्कळ पदार्थांत पडते. पाकिटावरचा हिरवा ठिपका मांस नसल्याचे सांगतो, दारू नसल्याचे नव्हे. म्हणून आम्ही ठरवले, मुलांना नुसते 'नको' म्हणायचे नाही, घरीच करून द्यायचे. करायला घेतले तेव्हा कळले, हे पदार्थ तितके परके नाहीतच.

चीनमध्ये हुई मुसलमान एक कोटीहून अधिक आहेत. त्यांच्या हलाल उपाहारगृहांवर 'चिंगचेन' ही अक्षरे असतात. शियान शहरात ते जाड रोटीचे हाताने बारीक तुकडे करतात आणि त्यावर मटणाचा उकळता रस्सा ओततात. आपल्याला लगेच सरीद आठवतो, हुजूर (स.) यांच्या आवडीचा! अर्धा किलो हाडांचे मटण, आले, दालचिनी, दोन चक्रफुले आणि मीठ घालून मंद आचेवर दोन तास शिजवा. शिळ्या नानचेही सोने होते.

चिनी घरांत नववर्षाला 'फा गाओ' करतात. तांदळाचे फुगवलेले पीठ लहान वाट्यांत घालून वाफवायचे. म्हणजे आपले कोकणी सांदणच की! पूर्वी काही घरांत सांदणाचे पीठ ताडीने फुगवीत. आता यीस्टने काम भागते. दोन वाट्या तांदळाचा बारीक रवा, दीड वाटी नारळाचे दूध, पाऊण वाटी साखर, अर्धा चमचा यीस्ट आणि चिमूटभर मीठ कालवून दोन तास झाका. फुगल्यावर वाट्यांत अर्ध्यापर्यंत ओता आणि वीस मिनिटे वाफवा. मध्ये झाकण उघडू नका.

शेवटी गोड. इफ्तारला आपण चायना ग्रास करतोच. ते समुद्री शेवाळापासून बनते. जिलेटिन मात्र जनावरांच्या कातडीहाडांचे, बहुधा डुकराचेही असते. चिनी लोक याच शेवाळाने बदामाच्या दुधाच्या वड्या जमवतात. 10 ग्रॅम चायना ग्रास पाण्यात भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. मग ते एक लिटर गरम, गोड दुधात गाळा आणि वाटलेले बदाम घाला. दूध थंड असेल तर गुठळ्या होतात. एकदा जमले की हे आपल्याकडच्या उन्हाळ्यातही वितळत नाही.

पहिल्या दिवशी मुलांनी गाडीवरच्यासारखा लाल रंग नाही म्हणून नाक मुरडले. दुसऱ्या खेपेला सांदणाच्या वाट्या त्यांनीच तेल लावून दिल्या. हलाल-हरामचे जे धडे आम्ही तोंडाने देत होतो, ते वाफ येईपर्यंत चुलीपाशी बसून त्यांनी आपणहून विचारून घेतले.